प्रशिक्षणं होतात, वर्ग मात्र तसाच राहतो

वर्गशिक्षिका, जि. प. शाळा
२०२५-२६ पासून पहिलीला नवा अभ्यासक्रम लागू झाला. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शिक्षकाला वर्षाला ५० तासांचं प्रशिक्षण सांगितलंय. पण राज्यावरून जिल्ह्याला, तिथून तालुक्याला येईपर्यंत ते पातळ होतं. आम्हाला स्लाइड वाचून दाखवतात.
२०१०ला आकारिक मूल्यमापन, म्हणजे मूल शिकत असतानाच वर्षभर त्याची प्रगती पाहणं, आलं तेव्हाही हेच. मुलाकडे बघून वर्णनात्मक नोंद करायची होती. बाजारात तयार नोंदींच्या पुस्तिका आल्या, आम्ही उतरवून काढल्या. मीसुद्धा. नोंद का करायची, हे माझ्या वर्गात बसून कुणी दाखवलंच नव्हतं. मुख्याध्यापकांनी आठवड्याला एक तास कुणाच्या तरी वर्गात बसावं. तपासायला नव्हे, नंतर त्या पाठावर बोलायला.

मुख्याध्यापक, द्विशिक्षकी शाळा
मॅडम, मला हे पटत नाही. ६० मुलांच्या पटापर्यंत कायद्यानेच दोन शिक्षक. तिसरी-चौथी माझ्याकडे. मी शेजारच्या वर्गात बसलो तर माझी मुलं कोण बघणार? त्यात पोषण आहार, ऑनलाइन माहिती, मतदार यादी. आधी माणसं द्या, मग शिक्षकांच्या विकासाचं बोला.

निवृत्त विस्तार अधिकारी
सर, अडचण खरी आहे. पण साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या, म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडे असलेल्या शाळांच्या गटातल्या, जि. प. शाळांतच ज्ञानरचनावाद, म्हणजे मुलांनी स्वतः करून शिकणं, उभा राहिला, आणि राज्यभरातले शिक्षक तो बघायला गेले. बीटातले शिक्षक एकमेकांकडून शिकत गेले, अधिकारी त्यांच्यासोबत राहिले.

मुख्याध्यापक, द्विशिक्षकी शाळा
साहेब, मीही गेलो होतो. तिथे मुलांना शिकायला फरशीवर अक्षरं, अंक रंगवलेले होते. परत आल्यावर आमच्याकडे वरून सांगणं आलं की फरशा रंगवा. रंगवल्या, फोटो पाठवले. शिकवणं कसं बदलायचं हे विचारायला पुन्हा कुणी आलं नाही. सक्तीने फरशी रंगते एवढंच मी पाहिलं.

वर्गशिक्षिका, जि. प. शाळा
सर, मग आपण एकाच बाजूला आहोत. माणसं हवीतच, त्यावर वाद नाही. पण केंद्राची, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या शिक्षकांची, शिक्षण परिषद होतेच, त्या दिवसाचा वेळ आपल्या हातात आहे. आमच्याकडे तो परिपत्रकं वाचण्यात जातो. पुढची परिषद आमच्या शाळेत आहे. दुसरीची हातच्याची वजाबाकी माझ्याकडून दरवर्षी नीट होत नाही. तोच पाठ मी मुलांना सगळ्यांसमोर शिकवणार आहे. केंद्रप्रमुखांनी होकार दिलाय. तुम्ही येऊन मागे बसाल का?