अनुभव धागा : परदेशी जोडीदाराशी लग्न आणि त्यानंतरचा लाँग-स्टे व्हिसा

मंडळी, हा धागा मुद्दाम काढतेय. मुंबईतल्या मराठी घरांत परदेशी जावई किंवा सून येणं आता नवलाचं राहिलेलं नाही, पण लग्नानंतर एकत्र राहायला जो व्हिसा लागतो त्याबद्दल मराठीत एका जागी काही सापडत नाही. एजंट अर्धंच सांगतात आणि नातेवाइकांची माहिती ऐकीव असते. नियम प्रत्येक देशाचे वेगळे, शिवाय बदलत राहणारे. म्हणून नुसती नियमांची यादी नको. तुम्ही आधी काय केलं, मग काय केलं, कुठे अडलं आणि कशाने सुटलं, ते लिहा. माझं स्वतःचं ठाम मत असं की या सगळ्यात क्रम महत्त्वाचा. हॉल बुक करण्याआधी कागद कुठल्या क्रमाने लागणार हे ठरवलं, तर पुढची ताटातूट बरीच कमी होते.

सुरुवात मी करते. मी गिरगावातली, नवरा फ्रेंच, आता आम्ही फ्रान्समधल्या ल्यों शहराजवळ राहतो. लग्न मुंबईत करायचं होतं. तो हिंदू नाही, त्यामुळे हिंदू विवाह कायदा आम्हाला लागू नाही. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली नोटीस द्यायची, ३० दिवस थांबायचं आणि मग ३ साक्षीदारांसमोर सह्या. दोघांपैकी एक जण नोटिशीआधी किमान ३० दिवस त्या जिल्ह्यात राहत असावा लागतो. ती अट माझ्यामुळे पुरी झाली. नोटीस ३ महिने चालते, म्हणून तो नोटिशीला आला, परत कामावर रुजू झाला आणि मुदतीच्या आत लग्नाला पुन्हा आला. फोर्टातल्या ओल्ड कस्टम हाउसमध्ये फळ्यावर आमची नोटीस लागलेली पाहून आई जरा बावरलीच. आपल्या मुलीचं नाव, पत्ता असा चारचौघांत लागलेला तिने कधी पाहिला नव्हता. मीच तिला समजावलं की ही कायद्याची रीत आहे, आक्षेप घ्यायला वाव असावा म्हणून.

पण फ्रान्सच्या बाजूने याच्याही आधीची एक पायरी असते आणि नेमकी तीच आपल्याकडे कुणाला माहीत नसते. फ्रेंच नागरिक परदेशी कायद्याने लग्न करणार असेल तर त्याने लग्नाआधी फ्रेंच वकिलातीतून विवाहक्षमतेचा, म्हणजे लग्नाला कायदेशीर अडथळा नसल्याचा, दाखला घ्यायचा असतो. दोघांचे जन्मदाखले द्यावे लागतात, मुलाखतीला बोलावू शकतात, आणि लग्नाची सूचना वकिलातीत आणि नवऱ्याच्या गावच्या नगरपालिकेत १० दिवस लावतात. आम्ही हे आधी उरकलं म्हणून पुढचं सुरळीत झालं. लग्नानंतर मुंबईचं प्रमाणपत्र फ्रेंच नोंदवहीत चढवून घ्यावं लागतं, तेव्हा कुटुंबपुस्तिका (लग्नाची अधिकृत नोंद असलेली फ्रेंच सरकारची पुस्तिका) हातात येते आणि मग व्हिसाचं बघायचं. आधीचा दाखला नसेल तर ही नोंदच रेंगाळते. माझ्या एका मैत्रिणीचं तसं झालं. मंगळसूत्र गळ्यात, बॅगा भरलेल्या, आणि ती माहेरीच.

फ्रेंच नागरिकाच्या नवऱ्याला किंवा बायकोला या व्हिसाची फी पडत नाही. मिळतो तो बहुधा १ वर्षाचा, नोकरीची मुभा असलेला. पोचल्यावर ३ महिन्यांच्या आत तो ऑनलाइन वैध करून घ्यायलाच हवा. मग सरकारी बोलावणं येतं, फ्रेंचची चाचणी होते, तिथल्या कायदे-रीतींचे वर्ग करावे लागतात. मी चर्नी रोडहून जवळ म्हणून मरीन लाइन्सच्या आलियान्स फ्रान्सेजमध्ये वर्षभर शिकले होते. पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात बँकेत स्वतःचं स्वतः बोलता आलं, याचं समाधान फार मोठं होतं.

आता तुम्ही लिहा.

लालबाग

नमस्कार ताई. माझी मुलगी न्यू जर्सीला आहे, जावई जन्माने तिथलेच. लग्न तिकडे झालं, पण व्हिसाची सगळी उस्तवार इथे मी आणि हिच्या बाबांनी केली, म्हणून मी लिहिते.

जावयांनी तिकडून आय-१३० चा, म्हणजे बायकोला तिकडे नेण्यासाठीचा पहिला अर्ज केला. तो मंजूर झाल्यावर कागद गोळा करायला सांगितले, त्यात जन्मदाखला. आमच्या मुलीचा दाखला होता, जपून ठेवलेला होता. पण आमच्या वेळी बाळ-बाळंतीण घरी येतात न येतात तोच दाखला काढायचे, बारसं मागाहून. त्यामुळे ‘बाळाचे नाव’ या रकान्यात नुसती आडवी रेघ. आईबापाचं नाव, तारीख, परळचं हॉस्पिटल, सगळं बरोबर. फक्त पोरीचं नाव नाही. आयुष्यभर त्या दाखल्यावर शाळा झाली, पासपोर्ट झाला, कुणी बोट ठेवलं नाही. आता मात्र नाव हवं होतं.

जन्म ज्या वॉर्डात, नोंद त्याच वॉर्डात. आम्ही महापालिकेच्या एफ साउथ वॉर्डाच्या ऑफिसात खेटे घातले. शाळा सोडल्याचा दाखला, आमचे दोघांचे आधार, प्रतिज्ञापत्र असं सगळं दिलं. तिथल्या एका बाईंनी जुनी नोंदवही काढून पानावर बोट ठेवून दाखवलं, निळ्या शाईतली नोंद होती. पुढे नाव चढलं. ज्यांच्या घरी लग्नाची मुलं-मुली आहेत त्यांनी आजच दाखला काढून तो रकाना बघा. परदेशी स्थळ असो नसो.

मुलाखत बीकेसीच्या अमेरिकन वकिलातीत. मोबाइल आत नेता येत नाही हे आधी माहीत असू द्या. त्याआधी त्यांनी नेमलेल्या डॉक्टरांकडे तपासणी, लसी, छातीचा एक्स-रे आणि पासपोर्ट ऑफिसकडून पोलीस क्लिअरन्स. जावयांची कमाई तिथल्या दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के तरी असल्याचं हमीपत्र लागतं. लग्नाला २ वर्षं झालेली नसतील तर ग्रीन कार्ड २ वर्षांचंच मिळतं आणि ते संपायच्या आधीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून पुन्हा अर्ज करायचा असतो. मी ती तारीख आमच्या कालनिर्णयवर लाल पेनाने लिहून ठेवली होती.

मुलुंड

जर्मनीचं लिहितो. बायको जर्मन. आम्ही लग्न ना मुंबईत केलं ना जर्मनीत. डेन्मार्कमध्ये केलं. कारण असं : भारतात अपोस्टिल (कागद खरा असल्याचा, दुसऱ्या देशातही चालणारा सरकारी शिक्का) २००५ पासून आहे, पण जर्मनीने त्यावर हरकत घेतली होती, त्यामुळे आपले कागद तिथे अपोस्टिलवर चालत नव्हते. वकिलातीमार्फत त्यांची वेगळी पडताळणी व्हायची आणि तिला वेळ लागायचा. डेन्मार्कची कागदपत्रांची पद्धत त्या मानाने सुटसुटीत आहे, म्हणून दोन देशांतली बरीच जोडपी तिकडे जाऊन लग्न करतात. आई-बाबांना व्हिडिओ कॉलवर मंगलाष्टका म्हणायला लावल्या, टाउन हॉलच्या बाईही शांतपणे उभ्या राहिल्या.

आता महत्त्वाचं. लग्न झालं म्हणून शेंगेन व्हिसावर, म्हणजे युरोपात थोड्या दिवसांसाठी फिरायला मिळणाऱ्या व्हिसावर, तिथेच राहता येईल असं धरून चालू नका. मी परत आलो आणि मुंबईतून राष्ट्रीय, म्हणजे जर्मनीत जास्त काळ राहायच्या व्हिसाचा अर्ज केला. त्याला ए-१ ची, म्हणजे सगळ्यात प्राथमिक पातळीची जर्मन परीक्षा लागते. काळा घोड्याच्या मॅक्स म्युलर भवनात दिली. १०० पैकी ६० ला पास. ऐकणं, वाचणं, लिहिणं जमतं. बोलण्याच्या भागात स्वतःची ओळख करून द्यायची आणि मग परीक्षक म्हणतात, आडनावाचं स्पेलिंग सांगा. माझं आडनाव वाघमारे. ‘वे, आ, गे, हा, एम, आ, एर, ए’ हे मी मुलुंड ते सीएसएमटी लोकलमध्ये दरवाजाजवळ उभं राहून रोज घोकायचो. शेजारचे बघायचे. बघू देत.

पोचल्यावर पत्त्याची नोंद, मग परदेशी नागरिकांच्या कार्यालयात राहण्याचा परवाना. पहिल्यांदा साधारण ३ वर्षांचा मिळतो. जर्मन जोडीदार असेल तर ३ वर्षांनी बी-१ भाषेवर कायमचा अर्ज करता येतो.

अंधेरी

यूकेबद्दल थोडक्यात. तिथे प्रश्न पैशाचा आहे. ११ एप्रिल २०२४ पासून तिथल्या जोडीदाराचं उत्पन्न वर्षाला किमान २९,००० पौंड हवं झालं. आधी १८,६०० होतं. माझा मुंबईतला पगार त्यात धरत नाहीत, तो कितीही असो. माझी बायको शाळेत साहाय्यक शिक्षिका, तिने शनिवार-रविवारचं दुसरं काम धरून ही रक्कम जुळवली. त्या काळात ती किती दमत होती हे मी फक्त फोनवर ऐकू शकत होतो, आणि त्याचा त्रास मला आजही होतो. भारतातून जाणाऱ्याला टीबीची तपासणीही लागते. पहिला व्हिसा २ वर्षं ९ महिन्यांचा. आरोग्य सेवेचा अधिभार सगळा आगाऊ भरावा लागतो, ती रक्कम लग्नाच्या बजेटमध्येच धरा.

विलेपार्ले

जपान. इथे क्रम उलटा आहे आणि मला तो आवडला. आधी तिथल्या नगरपालिकेत लग्नाची नोंद, मग जोडीदाराने तिथल्याच इमिग्रेशन कार्यालयातून पात्रतेचं प्रमाणपत्र काढायचं. खरी छाननी तिथे होते. कसे भेटलात, कुठल्या भाषेत बोलता, घरच्यांना कधी भेटलात, सगळं सविस्तर लिहून द्यावं लागतं. ते प्रमाणपत्र आल्यावर मुंबईतला व्हिसा लवकर झाला. ओळखपत्र तर विमानतळावरच हातात मिळालं. १४ दिवसांत पत्ता नोंदवायचा, बस.

घाटकोपर

माझं अजून चालू आहे. नवरा बेल्जियमला, मी इथे. नात्याचा पुरावा म्हणून लग्नाचे फोटो मागितलेत. कुठले द्यायचे? आणि पासपोर्टवर नवऱ्याचं आडनाव आधी लावून घेऊ का?

धागाकर्ती

अगं, अंतरपाटाचे फोटो देऊ नकोस, त्यात दोघांचे चेहरे एकत्र येतच नाहीत. मुंडावळ्यांनीही अर्धा चेहरा झाकतो. सह्या करतानाचा, दोन्हीकडच्या आई-वडिलांबरोबरचा आणि लग्नाआधीच्या भेटींमधले साधे फोटो दे, मागे तारीख आणि जागा लिहून. आडनाव मात्र व्हिसा हातात येईपर्यंत बदलू नकोस असं माझं मत. आपल्याकडे मधलं नाव आधी वडिलांचं, मग नवऱ्याचं. जन्मदाखला, पासपोर्ट आणि लग्नाचं प्रमाणपत्र या तिन्हीवर एकच नाव असलं की पुढचे निम्मे प्रश्न येतच नाहीत. आणि फार एकटं वाटलं तर मला व्यक्तिगत निरोप कर. मी त्यातून गेले आहे.

माहीम

उलट बाजूचंही लिहिते. आमची सून ब्राझीलची. मुलगा साओ पावलोला नोकरीला होता, लग्न तिकडच्या नोंदणी कार्यालयात झालं आणि दोघं इथे राहायला आले. निघण्याआधी त्यांनी लग्नाच्या प्रमाणपत्रावर तिथलाच अपोस्टिल घेतला आणि इंग्रजी भाषांतर करून आणलं. हे फार बरं केलं. ज्या देशाचा कागद त्याच देशाचा अपोस्टिल, तो मुंबईत बसून होत नाही.

ती एन्ट्री व्हिसावर आली. आल्यापासून १४ दिवसांत नोंदणी करायची होती, ती आता ई-एफआरआरओ या परदेशी नागरिकांच्या नोंदणीच्या सरकारी संकेतस्थळावर ऑनलाइन होते. त्या व्हिसावर नोकरी करता येत नाही. ही तिकडे फिजिओथेरपिस्ट, हाताला सतत काम असलेली मुलगी, आणि इथे दिवसभर घरात. मला तिची घालमेल दिसत होती. मी तिला शिवाजी पार्कला माझ्या चालण्याच्या ग्रुपमध्ये नेऊ लागले, आमच्यातल्या निम्म्या जणींचे गुडघे तिने आपुलकीने बघून दिले.

लग्नाला २ वर्षं पूर्ण झाली की ओसीआयचा (परदेशी नागरिकाला भारतात कायम राहू देणारं कार्ड) अर्ज करता येतो. लग्न नोंदलेलं आणि टिकून असलेलं हवं. चौकशीला पोलीस घरी आले, दोघांना समोर बसवून प्रश्न विचारले, शेजारच्या कुलकर्णी वहिनींनाही विचारलं. नीट, सभ्यपणे झालं. ओसीआय आल्यावर नोकरी करता येते, सारखी मुदतवाढ नको. मतदान करता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. भारतीय नागरिकत्व हवं असेल तर इथे ७ वर्षं राहावं लागतं. ते घ्यायचं का, हे तिचं ती ठरवेल. आम्ही त्यात पडलेलो नाही.

धागाकर्ती

माहीमच्या काकू, तुमचं वाचून फार बरं वाटलं. इकडे येणाऱ्यांबद्दल कुणी लिहीतच नाही. कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि नेदरलँड्सचे अनुभव अजून आलेले नाहीत, ज्यांचे असतील त्यांनी जरूर लिहा. सोबत तुमचा अर्ज कुठल्या वर्षीचा ते टाका, म्हणजे वाचणाऱ्याला जुना नियम कोणता आणि नवा कोणता ते कळेल.