‘ॲडज्युव्हंट’ला मराठीत काय म्हणावं?

हिपॅटायटिस-बीच्या लशीचं माहितीपत्रक मराठीत करतेय. या लशीत अख्खा विषाणू नसतो, यीस्टमध्ये तयार केलेलं त्याच्या आवरणाचं प्रथिन असतं. नुसतं प्रथिन टोचलं तर शरीर फारशी दखल घेत नाही, म्हणून सोबत ॲल्युमिनियमचा क्षार घालतात, तोच ॲडज्युव्हंट. त्याला मी ‘सहायक’ लिहिलं, तर तपासणाऱ्या बाई म्हणाल्या, “कोणाचा सहायक? डॉक्टरांचा?”

» ‘पूरक’ लिहा की.

» ‘पूरक’ कॅन्सरमध्ये ठीक. शस्त्रक्रियेनंतर देतात त्या केमोलाही ॲडज्युव्हंटच म्हणतात, तिथे उरलंसुरलं पुरं करायचं असतं. इथे प्रथिनात उणं काहीच नाही, शरीरच सुस्त आहे.

» मग ‘अनुपान’? सितोपलादी मधातून घेतो तसं. अनुपान बदललं की गुण बदलतो, असं वैद्यही मानतात.

» कल्पना झकास, पण ‘पान’ म्हणजे पिणं. सुईला पान कसलं! ‘विरजण’ सुचवणार होतो, पण विरजण स्वतःच वाढतं. हे वाढत नाही.

» मूळ गोष्ट बघा. १९२०च्या दशकात पॅरिसच्या पाश्चर संस्थेत गास्तों रामों घोड्यांना घटसर्पाचं निष्प्रभ केलेलं विष टोचत. टोचल्या जागी गळू झालेल्या घोड्यांच्या रक्तात प्रतिविष जास्त सापडे. मग त्यांनी मुद्दाम टॅपिओका मिसळून पाहिला, म्हणजे आपल्या साबुदाण्याचंच पीठ! शब्दही त्यांचाच, लॅटिनमधल्या ‘मदत करणे’वरून. १९२६मध्ये इंग्लंडात ग्लेनी या संशोधकांनी चक्क तुरटी वापरली, तीही ॲल्युमिनियमचाच क्षार. तरी पत्रकात ‘तुरटी’ नको. आता ॲल्युमिनियमचं हायड्रॉक्साइड किंवा फॉस्फेट असतं, आणि वाचणाऱ्याला न्हाव्याकडचा खडा आठवेल.

» आमच्याकडे औषध पानांना चिकटावं म्हणून फवारणीत घालतात त्यालाही इंग्रजीत ॲडज्युव्हंटच म्हणतात. शेतकरी दुकानात जाऊन ‘स्टिकर द्या’ म्हणतो. कोशाची वाट बघत बसला नाही.

» चूल ‘चेतवतो’ ना आपण? लाकडं आहेत, पेट घेत नाहीत, म्हणून थोडं रॉकेल. ‘चेतक’ म्हणा.

» राणा प्रतापांचा घोडा! रामोंच्या तबेल्यात शोभेल.

» हसा, पण मला पटलं. पुढच्याच ओळीत ‘ही लस गोठू देऊ नका’ आहे. गोठली की ॲल्युमिनियमच्या गुठळ्या होतात, बाटली हलवून ठेवली तरी लवकर तळाशी बसतात. नर्सताई विचारतात, प्रथिनाचं काय बिघडतं? आता लिहिता येईल: गोठल्यावर आधी चेतक बिघडतो.