मदत हवी आहे: बाबांची लघवी तुंबली, नळी लावली आहे. ऑपरेशन लगेच करावं का?

रानजाई:
नमस्कार मंडळी. बाबा ७४ वर्षांचे आहेत. आईबाबा कराडजवळच्या गावी राहतात, मी पुण्यात. बीपीची गोळी सोडली तर बाकी तब्येत ठणठणीत.

रात्री तीन-चारदा उठतात, धार बारीक झालीय, जाऊन आले की दहा मिनिटांत पुन्हा जावंसं वाटतं, हे आई अधूनमधून सांगायची. बाबा मात्र "वय झालं, चालायचंच" म्हणून विषय मिटवायचे. मुलीशी यावर बोलणं त्यांना फार जड जातं. एसटीने पुण्याला येणं त्यांनी का बंद केलं, ते मला आत्ता कळतंय. मध्ये गाडी थांबेल की नाही याची धास्ती होती. लांबचं लग्न असलं की सकाळपासून पाणीच प्यायचे नाहीत.

मागच्या आठवड्यात सर्दी झाली म्हणून मेडिकलमधून गोळ्या आणून घेतल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लघवी पूर्ण बंद. ओटीपोट दगडासारखं, अंगाला दरदरून घाम, धड बसवेना की उभं राहवेना. रात्रीच दवाखान्यात नेलं. नळी घातल्यावर एक लिटरच्या वर लघवी निघाली.

सोनोग्राफीत प्रोस्टेट (मूत्राशयाखालची ग्रंथी) वाढून ५८ ग्रॅम आलंय, मूत्राशयाची भिंत जाड आहे, किडन्यांना सूज नाही. किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन १.१. पीएसए (प्रोस्टेटच्या कॅन्सरची शंका बघायला करतात ती रक्ततपासणी) ९.२ आलं, ते नळी असतानाच तपासलं होतं. लघवीत थोडं इन्फेक्शनही आहे.

एक डॉक्टर म्हणतात, दुर्बिणीतून ऑपरेशन करूनच टाका. दुसरे म्हणतात, टॅमसुलोसिन सुरू करू आणि थोड्या दिवसांनी नळी काढून बघू. सध्या गोळी सुरू केली आहे. पुढच्या महिन्यात त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशनही ठरलंय. पीएसएचा आकडा बघितल्यापासून माझी झोप उडाली आहे. हा कॅन्सर असेल का? आणि ऑपरेशननंतर लघवीवर ताबा राहत नाही असं गावात कुणीतरी बाबांना सांगितलंय, त्यामुळे ते विषयच काढू देत नाहीत. ज्यांच्या घरी हे झालंय त्यांनी कृपया सांगा.

जुना_वाडा:
ताई, मी स्वतः ७१ वर्षांचा आहे, माझं हे ऑपरेशन झालंय, म्हणून बाबांसाठी लिहितो. त्यांना हे वाचून दाखवा किंवा सरळ मोबाइल हातात द्या.

कमरेखाली भूल देतात, पोटावर टाका नाही. नळी दोन-तीन दिवस असते. ती काढल्यावर सुरुवातीला जळजळ होते, लघवीची घाई होते, कधी वाटेतच चार थेंब जातात. मीही घाबरलो होतो. काही आठवड्यांत ते कमी होत गेलं. कायमचा ताबा जाणं हे क्वचित होतं. साधारण दोन आठवड्यांनी एकदा लालसर लघवी झाली. आतली खपली पडताना असं होतं हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. भरपूर पाणी प्यायलो, थांबलं. महिनाभर तरी जड उचलणं आणि टू-व्हीलर बंद.

अजून एक गोष्ट, जी कुणी मोकळेपणाने सांगत नाही. ऑपरेशननंतर बहुतेकांचं वीर्य बाहेर न येता मूत्राशयात जातं. त्याने अपाय नाही, पण नवरा-बायकोला आधी माहीत असावं. हे बाबांशी तुमच्या भावाने किंवा डॉक्टरांनी बोलावं.

निवृत्त_शल्यक:
आयुष्यभर मूत्रविकार विभागात काम केलंय. पेशंट न बघता निर्णय सांगता येत नाही, पण मुद्दे स्पष्ट करतो.

आधी पीएसए. लघवी तुंबणं, इन्फेक्शन, नळी, या तिन्हींनी ते वाढतं आणि इथे तिन्ही आहेत. त्यामुळे या ९.२ वरून काहीही ठरवू नका. इन्फेक्शन पूर्ण बरं झाल्यावर साधारण सहा आठवड्यांनी पुन्हा तपासा. डॉक्टरांनी बोटाने तपासलंय का, तेही विचारा. तेव्हाही जास्तच आलं तर एमआरआय आणि गरज पडल्यास बायोप्सी. वाढलेल्या प्रोस्टेटचं रूपांतर कॅन्सरमध्ये होत नाही, पण दोन्ही एकाच माणसात असू शकतात, म्हणून ही फेरतपासणी टाळू नका.

दोन्ही डॉक्टरांचं म्हणणं आपापल्या जागी बरोबर आहे. टॅमसुलोसिन मूत्राशयाच्या तोंडाशी असलेले स्नायू सैल करतं, त्यामुळे दोन-तीन दिवस गोळी देऊन नळी काढून बघणं ही नेहमीची पद्धत आहे. शिवाय इथे सर्दीच्या गोळीचं निमित्त दिसतंय. नाक मोकळं करणाऱ्या आणि झोप आणणाऱ्या औषधांनी लघवी अडू शकते. प्रोस्टेट वाढलेल्या माणसाने मेडिकलमधून परस्पर सर्दीची गोळी आणूच नये. मात्र एक लिटरच्या वर लघवी साठली होती, म्हणजे मूत्राशय बराच ताणला गेलाय. अशांत पुन्हा तुंबण्याची शक्यता जास्त असते. तसं झालं तर मग ऑपरेशन लांबवू नये. वारंवार इन्फेक्शन, मूत्राशयात खडा, रक्त जाणं, किडनीवर ताण, ही बाकीची कारणं. ५८ ग्रॅमला नेहमीची दुर्बीण चालते, लेझरही चालतं. ज्या सर्जनचा ज्यात हात बसलाय ते करावं.

ड्युटास्टेराइड दिलं तर ग्रंथी हळूहळू लहान होते, फरक दिसायला सहा महिने लागू शकतात. त्या गोळीने पीएसए साधारण निम्मं होतं, म्हणून पुढच्या रिपोर्टच्या वेळी ती चालू असल्याचं सांगायचं.

मोतीबिंदूच्या सर्जनना टॅमसुलोसिनबद्दल आजच कळवा. या गोळीने बुबुळाचा पडदा ऑपरेशनच्या वेळी सैल पडतो. आधी माहीत असलं की ते तयारीत राहतात. गोळी चार दिवस बंद ठेवून हा धोका टळत नाही.

साळुंकी:
रानजाई, मी नर्स आहे. पिशवी कायम कमरेच्या खाली, पण फरशीला टेकू द्यायची नाही. पाणी तोडू देऊ नका, हृदयाचं किंवा किडनीचं बंधन नसेल तर दिवसभरात दीड-दोन लिटर जाऊ दे. संध्याकाळनंतर कमी करायचं, रात्रीचा चहा बंद. बद्धकोष्ठता होऊ द्यायची नाही, त्यानेही लघवी अडते. टॅमसुलोसिनने उठताना चक्कर येते, म्हणून रात्री पलंगाच्या कडेला मिनिटभर बसून मग उठायचं. संडासाच्या वाटेवर दिवा चालू ठेवा.

खर्चाचं म्हणाल तर ७० च्या वरच्यांना उत्पन्नाची अट न ठेवता आयुष्मान कार्ड मिळतं, ५ लाखांपर्यंत. आधार घेऊन काढून ठेवा, आणि हे ऑपरेशन त्या दवाखान्यात योजनेत बसतं का ते तिथल्या आरोग्यमित्राला विचारा.

रानजाई:
सगळ्यांचे मनापासून आभार. जुना_वाडा काका, बाबांनी तुमचं लिहिलेलं दोनदा वाचलं आणि "यांना विचार, किती दिवसांनी शेतात गेले" म्हणाले. डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन केला. परवा नळी काढणार आहेत. काढल्या काढल्या गावी नेलं तर चालेल का?

निवृत्त_शल्यक:
नको. निदान पहिली रात्र कराडातच काढा. नळी सकाळी काढायला सांगा, म्हणजे अडचण आली तर दिवसाउजेडी कळेल. दोन-तीनदा लघवी झाल्यावर सोनोग्राफीने आत किती शिल्लक राहते ते बघून मगच घरी. चार-पाच तासांत काहीच झालं नाही किंवा ओटीपोट ताठ झालं तर वाट बघत बसू नका, सरळ दवाखाना गाठा.

जुना_वाडा:
दीड महिन्याने गेलो. आधी नुसता बांधावर बसलो, खुरपं नंतर.