बालबाजारात नफ्यावर नंबर: आईची मजुरी कोण धरणार?

बांधावरचा: काल इथे एका पालकाने लिहिलं, 'शाळेच्या बालबाजारात नफ्यावर नंबर काढून मुलांना पैशाची चटक लावताय, बंद करा.' डोकं फिरलं वाचून. आमच्या जिल्हा परिषद शाळेत सातवीतल्या पोरीने ५ रुपयांची मेथीची जुडी १० ला लावली. ऊन चढलं तसा पाला माना टाकायला लागला, तिने पाणी शिंपडलं. तरी गिऱ्हाईक हलेना, तेव्हा '१५ ला दोन' ओरडायला लागली. नफा-तोट्याची शंभर गणितं सोडवून हे येतं का? आपण स्काउटच्या 'खरी कमाई'त लोकांची कामं करून पैसे मिळवले, कुणाला चटक लागली?

कोथरूडची आई: खरी कमाईत सायकली पुसल्या त्या आपण स्वतः, आणि तिथे नंबर नव्हते. आमच्याकडे पहिला आला तो पाणीपुरीचा स्टॉल. फ्लेक्स बाबांनी छापून आणला, मध्यरात्र उलटेपर्यंत पुऱ्या मी तळल्या. वहीत खर्च काय, तर रवा, तेल, बटाटे. माझी मजुरी शून्य. हा नफा?

बांधावरचा: ताई, विषय मुलांच्या स्पर्धेचा चाललाय. मजुरी कुठून आली मध्येच?

शेवगावची सून: मध्येच नाही, विषयच तो आहे! आमच्या कापसाच्या हिशेबात बी, खत, फवारणी सगळं येतं. मी आणि सासूबाई निंदायला वाकतो ते येत नाही. हमीभावासाठी खर्च मोजायचं 'ए२ अधिक एफएल' सूत्र आहे, म्हणजे खिशातून झालेला खर्च अधिक घरच्यांची मजुरी; त्यात सरकार निदान घरच्यांच्या श्रमाची किंमत धरतं. शाळेला तेवढंही जमू नये?

निवृत्त मास्तर: भांडवलाचं कुणी बोलतच नाही. दिल्लीच्या सरकारी शाळांत २०२१ मध्ये 'बिझनेस ब्लास्टर्स' हा मुलांनी स्वतः धंदा करून बघायचा उपक्रम सुरू झाला, तेव्हा अकरावी-बारावीच्या मुलांना माणशी २,००० रुपये दिले. आपल्याकडे एक पोरगं ३०० घेऊन येतं, दुसरं ५,०००. यांचे नंबर कसले काढता?

बांधावरचा: बरं, भांडवल सारखं हवं, मान्य. पण मजुरी धरलीत तर अर्धे स्टॉल तोट्यात जातील. पोरं हिरमुसतील.

शेवगावची सून: जाऊ देत. तोटा दिसला तर पोरगं घरी येऊन विचारेल तरी, 'आई, तुझे किती झाले?' आम्हाला आजवर कुणी विचारलं नाही.

बांधावरचा: तुम्हाला प्रत्येक गोष्टीत शेतीच दिसते.

कोथरूडची आई: मग मेथी कुठून आली होती? यंदा वहीत 'घरच्यांचे तास' असा रकाना मीच आखून देणार. शाळेला चालत नसेल तर पुऱ्या विकत आणा आणि मग नफा दाखवा.