फ्रान्सच्या कॅनॉलवर आठवडाभर बोट : चौघं जण, त्यात आई माळकरी, कोणता कॅनॉल घ्यावा?

कास्तकार_आर्वी

नमस्कार मंडळी. फ्रान्समध्ये कॅनॉलवर राहायची बोट भाड्याने घेऊन सात दिवस हळूहळू जायचा विचार आहे. आम्ही चौघं : मी, बायको, आई, बाबा. बाबांचे गुडघे दुखतात, उड्या मारणं जमणार नाही. आई माळकरी आहे, कांदा-लसूण चालतो, पण अंडं, मांस, मासळी काहीच नाही. मला आणि बायकोला तिथलं जेवण आणि वाइन नीट समजून घ्यायची आहे, नुसते फोटो काढायचे नाहीत.

विचारायचं हे :
१) कोणता कॅनॉल? नाव बर्गंडीचं ऐकतो, मिदीचंही.
२) बोट स्वतः चालवायची की खलाशी-स्वयंपाक्यासकट मोठा बार्ज घ्यायचा?
३) लॉकमध्ये नेमकं काय करायचं असतं?
४) आईच्या जेवणाचं काय?
५) पोळा झाल्यावर, कापसाची पहिली वेचणी सुरू व्हायच्या आत जाऊन यायचं आहे. हा काळ बरा का?

नहरवाला_भंडारा

भाऊ, आधी एक गोष्ट डोक्यातून काढा. आपल्या नहरीला उतार असतो, गोसीखुर्दचं असो की पेंचचं, पाणी सोडलं की वाहतं. तिथला बोटीचा कॅनॉल म्हणजे पायऱ्या पायऱ्यांनी मांडलेली सपाट तळी. एका तळ्यातून दुसऱ्यात जायचं तर मधे लॉक, म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेली कुंडी, तिच्यात पाणी भरून किंवा सोडून बोट वर-खाली होते. त्यामुळे सहलीचं गणित किलोमीटरवर नाही, लॉकवर बसतं. हिशेब असा करा : ताशी ६ किलोमीटर, आणि दर लॉकला १५ मिनिटं. गर्दी असली तर जास्त.

बर्गंडी कॅनॉल २४२ किलोमीटर, त्यावर १८९ लॉक्स. म्हणजे चालायला ४० तास आणि लॉकमध्ये ४७ तास. आठवड्यात त्यातला एक तुकडाच होतो, आणि त्या तुकड्यात दिवसभर दोर ओढणं आलं. दिसायला देखणा आहे, पण गुडघ्याच्या माणसाला घेऊन नको.

तुमच्यासाठी कॅनॉल द्यु मिदी. प्येर-पॉल रिके नावाच्या माणसाने १६६६ ते १६८१ या काळात तो उभा केला, तुलूझ शहरापासून समुद्राजवळच्या 'तो' नावाच्या खाजणापर्यंत, २४० किलोमीटर. १९९६ पासून तो जागतिक वारशाच्या यादीत आहे. त्याची खरी करामत पाण्याची. माथ्यावर, नोरूझला, दोन्ही बाजूंना उतरणारं पाणी कायम लागतं. त्यासाठी मोंताञ नुआर डोंगरातले ओढे चाऱ्यांनी वळवले आणि सँ फेरेओलला मातीचं धरण बांधलं. कास्तकाराला हे बघायला किल्ल्यापेक्षा जास्त आवडेल.

आता मुद्द्याचं. आर्झां-मिनेर्व्वा गावच्या लॉकपासून बेझिएजवळच्या फोंसेरानपर्यंत ५४ किलोमीटर सलग एकही लॉक नाही. या लॉकच्या खालच्या अंगाला बोट ताब्यात घ्या, ल सोमाय, कापस्तां, प्वाल असं करत कोलोंबिएपर्यंत जा आणि त्याच वाटेने परत या. साधारण १०० किलोमीटर, १७ तास. सात दिवसांत रोज अडीच-तीन तास. बाबा खुर्ची टाकून बसतील, त्यांना उठायचंही काम नाही. कापस्तांचा जुना कमानीचा पूल फार बुटका आहे. तिथे छत्री, सायकली, वर उभी माणसं सगळं खाली, आणि बोट बरोबर कमानीच्या मधोमध. कडेने घातली तर छताचा कोपरा दगडाला लागतो आणि अनामत रकमेतून पैसे जातात.

कोलोंबिएच्या आधी माल्पासचा बोगदा लागतो. १६७९ मध्ये टेकडी पोखरून काढलेला. बोट बांधून टेकडीवर चढलं की मोंतादीचं आटवलेलं तळं दिसतं : तेराव्या शतकात पाणी काढून दिलं आणि चरांनी वाटलेली शेतं चाकाच्या आऱ्यांसारखी मधल्या बिंदूपासून निघतात. फोंसेरानला आठ लॉक्स जिन्यासारखी एकाला एक चिकटून आहेत. बोट तिथे नेऊ नका, वर जाणाऱ्या आणि खाली येणाऱ्या बोटींच्या वेळा वाटलेल्या असतात, अर्धा दिवस जातो. कोलोंबिएहून सायकलने जाऊन बघा.

खलाशांचा बार्ज : सहा रात्री, सहसा सहा ते बारा पाहुणे, जेवण-वाइन सगळं त्यात. पण माणशी चार-पाच हजार युरोंपासून पुढे. स्वतः चालवायची चार जणांची साधी बोट आठवड्याला दीड ते तीन हजार युरो सगळ्यांची मिळून, जुलै-ऑगस्टला महाग. डिझेल वेगळं, इंजिन किती तास चाललं त्यावर. परवाना लागत नाही. कंपनी तासाभरात शिकवून तात्पुरतं कार्ड देते. शिकवणी इंग्रजीत मागून घ्या आणि एकदा बोट तुमच्या हाताने धक्क्याला लावून दाखवा, तोवर त्या माणसाला जाऊ देऊ नका.

कास्तकार_आर्वी

भाऊ, मन भरलं. पण एखादं लॉक तरी करायचंच आहे. कुठे करू, आणि कसं?

नहरवाला_भंडारा

ल सोमायच्या पुढे नार्बोनकडे फाटा फुटतो, कॅनॉल द जोंक्सियों. पाच किलोमीटरात सात लॉक्स. दोन केली, हौस फिटली की मागे फिरा. नार्बोनचा झाकलेला भाजीबाजार बघायचा असेल तर पुढेही जा, मग तेवढे तास जोडा.

चढताना : लॉकच्या खाली थांब्यावर एक जण उतरवा, तो वर चालत जाईल. बोट अगदी हळू आत घ्या. खालून पुढचा आणि मागचा दोर वर फेका. वरच्याने तो खुंट्याला फक्त वेढा देऊन टोक परत बोटीवर द्यायचं. गाठ मारायची नाही. पाणी समोरच्या दरवाज्यातून जोरात येतं, पुढचं टोक फेकलं जातं, म्हणून पुढचा दोर सतत ओढून घेत राहा.

उतरताना सोपं, पण खरा धोका इथेच. कोणी दोर गाठ मारून बांधला तर पाणी खाली जातं आणि बोट दोरावर लटकते. दुसरं, मागच्या दरवाज्याखाली दगडी उंबरा असतो, पाणी भरलेलं असताना दिसत नाही. मागचं टोक त्यावर टेकलं तर बोट पुढे झुकते. म्हणून पुढे सरकून राहा. हात-पाय बोट आणि भिंतीच्या मधे घालायचा नाही, कित्येक टनांचं धूड पायाने थांबत नाही. ते काम बाजूच्या रबरी फुग्यांचं.

मिदीची जुनी लॉक्स सरळ भिंतीची नाहीत, पोट सुटलेली लंबगोल आहेत : दरवाज्याशी ६ मीटर, मधे ११. सुरुवातीला बांधलेली सरळ भिंत मातीच्या दाबाने आत आली, तेव्हा रिकेने तिला कमानीसारखा बाक दिला. त्यामुळे बोट भिंतीला सरळ लागत नाही, मधे डोलते. घाबरू नका.

बाकी बारीकसारीक :

बोटीला ब्रेक नाही, उलटा गिअर हाच ब्रेक. चाक फिरवल्यावर बोट दोन-तीन सेकंदांनी ऐकते. नवशिका तेवढ्यात अजून फिरवतो आणि मग नागमोडी चाल सुरू होते. थोडं फिरवा, थांबा, सरळ करा. आणि बोटीचा पाण्यातला पंखा फिरत नसेल तर सुकाणूला जोर येत नाही.

रोज सकाळी इंजिन सुरू करायच्या आधी इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची जाळी उघडून पानं-शेवाळ काढा. इंजिन तापण्याचं कारण बहुतेक वेळा हेच.

पिण्याची टाकी दिसली तिथे भरा, उद्यावर नको. संडासात कागदाशिवाय काही टाकलं तर पंप बसतो, आणि दुरुस्तीला माणूस येईपर्यंत दिवस जातो.

रात्री गावाबाहेर थांबायचं तर दोन लोखंडी खुंटे आणि हातोडा बोटीवर असतो. दोर सायकलच्या वाटेवर आडवा पडू देऊ नका. झाडाला तर अजिबात बांधू नका. काठच्या प्लेन नावाच्या (चिनारसारख्या) झाडांना बुरशीचा रोग लागलाय, २००६ पासून हजारो झाडं तोडावी लागली, आणि बोटी-दोरांनी झालेल्या जखमांतून तो पसरतो. सावली बऱ्याच ठिकाणी गेली आहे, जुने फोटो पाहून जाऊ नका.

लॉकवाले दुपारी जेवायला सुट्टी घेतात, साडेबारा ते दीड. त्या वेळी हॉर्न वाजवून उपयोग नाही, तुम्हीही जेवून घ्या.

चुलीवरची_वाशिम

आईंच्या जेवणाचं मी सांगते, दादा.

पहिलं बॅगेचं. तूप, पेढे, खव्याची बर्फी, पनीर घरीच ठेवा. युरोपात बाहेरून दूध-दुभतं आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात. ताजी फळंही नकोत, संत्र्याला झाडांच्या रोगमुक्तीचं प्रमाणपत्र मागतात. मसाले, हळद, शेंगदाण्याची चटणी, जवसाची चटणी, ज्वारीचं पीठ, तूरडाळ चालतं. ठेचा कोरडा करून न्या. छोटा कुकर बॅगेत टाका. बोटीवर गॅसची शेगडी असते, कुकर नसतो. मिक्सर नको, तो काठावरची वीज जोडली तरच चालेल.

पोळीला तिथलं नेहमीचं पीठ मैद्यासारखं, पुड्यावर टी ४५ किंवा टी ५५ लिहिलेलं. आकडा वाढत जाईल तसा कोंडा वाढतो. टी ११० किंवा टी १५० घ्या, टी १५० ला पाणी थोडं जास्त आणि पंधरा मिनिटं मुरू द्या, नाहीतर कडा फाटतात. ल प्युईची हिरवी मसूर सगळ्या दुकानांत मिळते, भिजवावी लागत नाही, वीस-पंचवीस मिनिटांत होते आणि दाणा फुटत नाही. फोडणीच्या वरणाला मात्र ती घट्ट नाही येत, थोडी घोटून घ्या.

दुसरं, चीज. इथे बहुतेक जण फसतात. रोकफोर, कोंते, एप्वास ही नावाजलेली चीजं वासराच्या किंवा कोकराच्या पोटातल्या पदार्थाने दूध फाडून करतात. वेष्टनावर 'प्रेझ्युर' लिहिलं की आईंना नाही. सूक्ष्मजीवाचं किंवा वनस्पतीचं विरजण असेल तर तसं छापलेलं असतं. साधं दही, लोणी, साय बिनधास्त घ्या. पण पुडिंगच्या डब्यात जिलेटिन बघा.

हॉटेलात 'शाकाहारी' म्हटलं तरी मासा येऊ शकतो, आणि हॅमचे तुकडे म्हणजे मांस नव्हे असं काहींना वाटतं. कांद्याचं सूप बऱ्याचदा गोमांसाच्या पाण्यात असतं. ऑलिव्हच्या काळ्या चटणीत, तापनादमध्ये, छोटे मासे वाटलेले असतात. म्हणून फ्रेंचमध्ये छापील चिठ्ठी न्या : मांस नाही, हॅम नाही, मासा नाही, अंडं नाही, मांसाच्या पाण्यातलं नाही. तोंडी सांगण्यापेक्षा ती स्वयंपाकघरात जाते.

'बागेत द त्रादिस्यों' नावाचा पाव मात्र निर्धास्त. १९९३ च्या नियमाने त्यात पीठ, पाणी, मीठ आणि आंबवण याच मुख्य गोष्टी, वरून घातलेली मिसळद्रव्यं (ॲडिटिव्ह) नाहीत. खेड्यातली बेकरी आठवड्यात एक दिवस बंद असते, बरीच दुकानं सोमवारी. रविवारी सकाळीच दोन दिवसांचं घेऊन ठेवा.

तुम्हा दोघांना : कास्तेलनोदारीचं कासुले खायचंच. पांढरे घेवडे, बदकाचं मांस, डुकराचं मांस, सॉसेज, मातीच्या 'कासोल' नावाच्या भांड्यात तासन् तास शिजवलेलं, त्या भांड्यावरूनच नाव पडलं. जड आहे, दुपारीच खा. घेवडे सुटे विकत घ्या, रात्रभर भिजवा आणि आईंसाठी आपल्या रश्श्यात शिजवा, राजम्यापेक्षा साल पातळ. एकच धान्य, दोन पातेली.

रानवाटा_मेहकर

वाइनचं थोडक्यात. तुमच्या वाटेवर मिनेर्व्वा हा वाइनचा भाग : कारिन्यां, ग्रनाश, सिरा द्राक्षांची लाल वाइन. बोटीत ती गरम होते, अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून मग काढा. 'तो' खाजणाकडची पिकपूल पांढरी, आंबटसर, ती पूर्ण थंड. लिमूची फेसाळ ब्लांकेत मोझाक द्राक्षाची. गोड हवी तर सँ-झाँ-द-मिनेर्व्वाची मस्कात, पण छोट्या पेल्यात.

गावोगावी सहकारी वाइनरी आहेत, आपल्या सहकारी जिनिंगसारख्या : सभासद द्राक्ष घालतात, वाइन एकत्र निघते. चव घ्यायला दोन-तीन घोटच ओततात, थुंकायला भांडं असतं. थुंकणं तिथे उद्धटपणा नाही, उलट जाणकाराची खूण. चार प्रकार चाखून एक-दोन बाटल्या घेणं ही रीत. बाटलीवर 'मी आं बुतेय आ ला प्रोप्रिएते' असलं की मळ्यावर किंवा तिथल्या सहकारी वाइनरीतच भरलेली.

ठेच्यासोबत लाल वाइन उघडू नका. तुरटपणा आणि तिखट एकमेकांना चढवतात, जीभ नुसती भाजते. तिथे थंड गुलाबी वाइन बरी. आणि ज्याच्या हातात चाक त्याने संध्याकाळी बोट बांधल्यावरच प्यावं.

येताना प्रत्येक प्रौढाला दोन लिटरपर्यंत सीमाशुल्क माफ आहे, म्हणजे ७५० मिलीच्या दोन बाटल्या. पण भाऊ, तुम्ही आर्वीचे. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे, विमानतळाची पावती तिथे चालणार नाही. बाटल्या आणूच नका, मोहरीची चटणी आणि ऑलिव्हचं तेल आणा.

सातबारा_यवतमाळ

वेळेचं राहिलं. सप्टेंबर उत्तम : ऊन उतरलेलं, बोटी स्वस्त, द्राक्षाची तोडणी चालू. सोयाबीन असेल तर काढणी महिनाअखेर येते, त्याचं बघा. उन्हाळा कोरडा गेला तर काही कॅनॉलवर पाणी कमी म्हणून निर्बंध येतात, आठवडाभर आधी कंपनीला विचारा.

व्हिसा शेंगेनचा, प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. विमा किमान ३०,००० युरोंचा. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही म्हणून बऱ्याच कास्तकारांकडे विवरणपत्रच नसतं. तिथे सातबारा, आठ-अ, कापूस-तुरीच्या विक्रीच्या पट्ट्या आणि बँकेचं खातं एकमेकांशी जुळतं दाखवा, इंग्रजी भाषांतरासकट. अर्जाच्या आदल्या आठवड्यात खात्यात मोठी रक्कम टाकली तर उलट शंका येते. राहण्याचा पुरावा म्हणून बोटीचा करार जोडा, पण बोट सहसा दुपारनंतर मिळते आणि शेवटच्या दिवशी सकाळी नऊलाच सोडावी लागते. त्यामुळे आधीची आणि नंतरची एकेक रात्र हॉटेलात, तीही कागदावर.

कास्तकार_आर्वी

आर्झां ते कोलोंबिए पक्कं. कुकर तीन लिटरचा नेऊ की पाचचा?

चुलीवरची_वाशिम

तीनचा. बोटीवरच्या शेगडीचे बर्नर जवळजवळ असतात, पाचचा ठेवला की शेजारी तवा बसत नाही.