अर्ली कुठे भरावं? कॉर्नेल ईडी की प्रिन्स्टन?

निशिगंधा:
मंडळी, सल्ला हवाय. लेक बारावीत, न्यू जर्सीतली पब्लिक स्कूल. कॉम्प्युटर सायन्स नक्की, जोडीला मानसशास्त्राची ओढ. यादीत प्रिन्स्टन, कॉर्नेल, एमआयटी, इलिनॉय (अर्बाना-शॅम्पेन) आणि घरचं रटगर्स. अर्लीची, म्हणजे लवकरच्या अर्जाची, शेवटची तारीख १ नोव्हेंबर तोंडावर आलीय. नवरा म्हणतो, कॉर्नेलला अर्ली डिसिजन (ईडी, म्हणजे होकार आला तर तिथेच जायचं असा बांधून घेणारा अर्ज) टाकून मोकळे होऊ, चान्स दुप्पट होतो. लेकीला प्रिन्स्टन सोडवत नाही. शाळेच्या काउन्सेलर बाई "दोन्ही छान" म्हणून गप्प. यातून गेलेलं कोणी आहे का इथे?

तळेगावकर:
ते 'दुप्पट' जरा जपून घ्या. अर्लीच्या आकड्यांत कोचने आधीच हेरलेले खेळाडू असतात, काही ठिकाणी माजी विद्यार्थ्यांची मुलंही असतात. ती वजा केल्यावर तुमच्या-आमच्या पोरांना काय उरतं, ते कुणी छापत नाही. कॉलेजचा कॉमन डेटा सेट (कॉलेज स्वतः छापतं ती आकडेवारी) उघडून त्यातला सी-२१ हा भाग बघा, ईडीचे अर्ज किती आणि घेतले किती ते तिथे सापडेल. फायदा थोडा असतोच, कारण ईडीवालं मूल येणार हे कॉलेजला पक्कं ठाऊक असतं.

आता नियम. प्रिन्स्टनची अर्ली बंधनकारक नाही, पण दुसऱ्या खासगी कॉलेजात अर्ली भरू देत नाहीत. म्हणजे एमआयटी रेग्युलरला, नंतरच्या नेहमीच्या फेरीला जाईल. सरकारी विद्यापीठांना मुभा आहे, तेव्हा रटगर्स आणि इलिनॉयला अर्ली अॅक्शन (लवकरचा, पण न बांधणारा अर्ज) खुशाल भरा. कॉर्नेल ईडी केलंत तर एमआयटीची अर्ली चालते. मात्र कॉर्नेलचा होकार आला की बाकीचे सगळे अर्ज मागे घ्यायचे. आणि कॉर्नेलला ईडीची दुसरी फेरी नाही, हे नवरोबांना सांगा.

स्वल्पविराम:
पैशांचं कुणीच बोललं नाही! ईडीच्या करारावर मूल, पालक आणि काउन्सेलर, तिघांच्या सह्या असतात. कॉर्नेलचा वर्षाचा एकूण खर्च ९० हजार डॉलरच्या पुढे गेलाय. डिसेंबरात होकार येतो तेव्हा दुसऱ्या कॉलेजचं आर्थिक मदतीचं पत्र हातात नसतं, मग घासाघीस कशाच्या जोरावर करणार? मदत पुरेशी नसेल तर सुटका मिळते, पण त्यासाठी त्यांच्यापुढे घरचा सगळा हिशेब मांडावा लागतो. प्रत्येक कॉलेजच्या साइटवर नेट प्राइस कॅल्क्युलेटर असतो, मदत वजा जाता आपल्याला किती पडेल त्याचा अंदाज देतो. टॅक्सचे कागद घेऊन दोघं एकदा बसाच.

एक विचारू? तुम्ही ग्रीन कार्डावर की एच-१बीवर?

निशिगंधा:
एच-१बी. लेक एच-४, म्हणजे एच-१बीवाल्यांच्या घरच्यांच्या व्हिसावर. ग्रीन कार्डाची रांग हलेल तेव्हा हलेल. पण त्याचा इथे काय संबंध?

स्वल्पविराम:
अहो, सगळा संबंध! एच-४वाल्यांना फेडरल, म्हणजे केंद्र सरकारची मदत नाही, आणि बालवाडीपासून इथे शिकलं असलं तरी बहुतेक खासगी कॉलेजं त्यांना आंतरराष्ट्रीय धरतात. प्रिन्स्टन आणि एमआयटी आंतरराष्ट्रीय मुलांचा अर्ज वाचतानाही मदत मागितलीय का ते बघत नाहीत. कॉर्नेल बघतं. शिवाय प्रिन्स्टनने २००१ पासून मदतीतून कर्ज काढून टाकलंय, जे देतात ते अनुदान. तेव्हा मदत लागणार असेल तर माझं मत सरळ प्रिन्स्टनला. सगळा खर्च खिशातून झेपणार असेल तरच ईडीचा विचार करा. आणि ते कॅल्क्युलेटर बऱ्याचदा नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांना धरूनच बनवलेले असतात. आकडा आला तरी फायनान्शियल एडच्या ऑफिसला मेल टाकून खात्री करा.

खमंग:
मानसशास्त्राचं म्हणताय म्हणून सांगते. कॉर्नेलच्या आतल्या कुठल्या कॉलेजात जायचं ते अर्जातच ठरवावं लागतं. कॉम्प्युटर सायन्स इंजिनिअरिंगमधूनही होतं आणि आर्ट्स अँड सायन्सेसमधूनही. तुमच्या लेकीला दुसरं बरं. इलिनॉयला मात्र कॉम्प्युटर सायन्स पहिल्यापासूनच मागा, नंतर आत शिरणं महाकठीण.

निशिगंधा:
आकडे बघून नवरा शांत झालाय :) प्रिन्स्टन अर्ली, सोबत रटगर्स आणि इलिनॉय. एमआयटी आणि कॉर्नेल रेग्युलरला. शिफारसपत्रांचं काय? अजून एकाच शिक्षकांना विचारलंय.

तळेगावकर:
उद्याच दुसऱ्यांना विचारा. १ नोव्हेंबर कॉलेजची तारीख झाली. काउन्सेलर ऑफिसची आतली तारीख बऱ्याच शाळांत त्याच्या दोन-तीन आठवडे आधी असते आणि ती चुकली की शिक्षकांना गळ घालत फिरावं लागतं. फराळाचं नंतर बघा.