मदत हवी आहे: प्रॉमसाठी पणजीचं इरकली लुगडं, शिवून घ्यावं की नेसवावं?

नमस्कार मंडळी. आम्ही इंग्लंडात, लेस्टरजवळ राहतो. लेकीची जीसीएसई (इथली दहावीसारखी परीक्षा) संपत आलीय, जुलैच्या सुरुवातीला शाळेचा प्रॉम, म्हणजे निरोपाची नाचगाण्याची पार्टी आहे. मैत्रिणींचे गाउन जानेवारीतच घेऊन झाले. आमच्या बाईसाहेबांनी परवा जाहीर केलं, पणजीचं लुगडं नेसणार. शाळेला ईमेल टाकून विचारलं, तर 'जरूर' असं उत्तर आलं. तिकडे अडचण नाही, अडचण घरात आहे.

लुगडं सासूबाईंच्या आईचं. गर्द निळं, गोमी नक्षीचा काठ, लाल-पांढरा टोपपदर (इरकलीचा खास रेशमी पदर). इथली शिंपीण म्हणते, कापून शिवून देते, सलवारीसारखं दोन मिनिटांत चढेल. सासूबाईंना व्हिडिओ कॉलवर सांगितलं तर नुसतं 'बरं' म्हणाल्या. त्यांचं 'बरं' मला अठरा वर्षांत चांगलं कळायला लागलंय.

पन्हा मोजला, 46 इंच. पणजी जेमतेम पाच फूट, ही पाच फूट सात इंच. नेसवून पाहिलं तर काठ पोटरीवर, खाली पांढरे स्नीकर्स. ती खूश, मी हताश.

न कापता उंची कशी साधायची? आणि चार तास नाचताना काष्टा सुटला तर? तिला एकटीला परत खोचता येत नाही.

प्रतिसाद: कापू नका हो! इरकलीच्या पदराचा रेशमी ताणा (उभे धागे) वेगळा असतो, अंगाच्या ताण्याला फासे घालून जोडलेला. तिथे कात्री लागली की संपलं. कमरेच्या चार बोटं खाली बांधा, काष्टा फार ओढू नका, तेवढा काठ खाली येतो. आत त्याच रंगाची घोट्यापर्यंत लेगिंग. निऱ्यांना आणि काष्ट्याला कच्चे टाके घाला, दुसऱ्या दिवशी उसवता येतात. बाथरूमला मात्र एखादी मैत्रीण आधीच शिकवून तयार ठेवा. आणि सगळ्यात आधी घड्या उजेडात धरून बघा. रेशीम घडीवरच विरतं.

धागाकर्ती: आत्ताच खिडकीशी धरून पाहिलं. अंग धडधाकट आहे, पण पदर दोन घड्यांवर विरलाय, पलीकडची झाडं दिसतात. आतून मलमलचं अस्तर लावलं तर पिनेचा ताण सोसेल का? आणि लाल रंग मलमलीवर उतरेल का? सतरा दिवस आहेत हातात. सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही.